पोट कुणाचे, औषध कुणाचे?

आमच्या घरी श्रावण कडक पाळतात. मासळी, अंडी, मटण महिनाभर उंबऱ्याच्या आत येत नाही. माणसांनी श्रावण पाळावा, याला कुणाची हरकत असायचे कारण नाही. पण गेल्या वर्षी आमच्या मनीलाही तो पाळावा लागला. मनी म्हणजे आमची मांजरी. एरवी रविवारच्या मासळीच्या पिशवीतला पहिला वाटा तिचा. श्रावणात मात्र तिच्या बशीत दूधभात, दहीभात आणि एखाद्या सणाला कुंद्याचा तुकडा पडू लागला. "जनावराला काय कळतंय, पोट भरल्याशी कारण," असे घरातल्या सर्वांचेच मत होते. माझेही होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या आठवड्यात मनीला जुलाब सुरू झाले आणि आजीने सूत्रे हाती घेतली. येळ्ळूरच्या घरी चार-चार म्हशी सांभाळलेली आमची आजी. "पोटात जंत झालेत," असे तिने निदान केले. लसणीच्या दोन पाकळ्या ठेचून तुपात परतायच्या आणि त्या घासात मिसळून द्यायच्या, वर हिंग घातलेले ताक, असा उपाय चार-पाच दिवस चालला. गुण येईना, तेव्हा लंघन ठरले. लंघनासारखे औषध नाही, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. दोन दिवस मनीची बशी पालथी राहिली. तिसऱ्या दिवशी ती तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसली, ती हाक मारली तरी उठेना. तोंड उघडून पाहिले तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

बाजाराच्या पिशवीत घालून तिला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. आजीही हट्टाने बरोबर आली. डॉक्टर धारवाडकडचे, कानडी बोलणारे. त्यांनी मनीच्या हिरड्या पाहिल्या, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि विचारले, "एन तिन्सीरी, अज्जी?" काय खाऊ घातलेत? आजीने सगळे क्रमवार सांगितले. लपवण्यासारखे काही केले आहे, असे तिला वाटतच नव्हते. डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अज्जी, इदु एम्मी अल्लरी, बेक्कु." आजी, ही म्हैस नव्हे हो, मांजर आहे.

दवाखान्यात कुत्री-शेळ्या घेऊन बसलेली सगळी मंडळी हसली. मीही हसलो. आजी हसली नाही.

मनी वाचली. चार दिवस सलाईन, औषध आणि दर दोन तासांनी चमचा-चमचा कोंबडीचे मऊ, पातळ मांस, असे करून ती उठली. पण त्या दिवसापासून आजीने कुणालाही कसलाही उपाय सांगणे बंद केले. आईला पित्ताचा त्रास झाला, तरी ती एवढेच म्हणाली, "डॉक्टरला विचारा." साठ वर्षे जपलेले ज्ञान एका वाक्यात तिने फडताळात टाकून दिले. मला लागून राहिले आहे ते हे. म्हणूनच हा लेख.

मित्रहो, डॉक्टरांचे ते वाक्य मी नंतर पुष्कळदा मनाशी घोळवले. 'तुमचा उपाय खोटा आहे,' असे ते म्हणाले नव्हते. उपायाचा पत्ता चुकला, एवढेच त्यांनी सांगितले होते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की, रक्कम बरोबर असून नोंद दुसऱ्याच्या खात्यावर पडली, तर तेरीज जुळते आणि म्हणूनच चूक लवकर सापडत नाही. घरगुती उपायांचे अगदी असेच होते. लसूण औषधी आहे, ताक पाचक आहे, लंघन हितकर आहे, प्रत्येक रक्कम बरोबर! पण खाते कुणाचे? आपल्या पूर्वजांनी ही चूक फार पूर्वीच ओळखून म्हण करून ठेवली आहे : आजार रेड्याला नि डाग पखालीला. दुखणे पाणी वाहणाऱ्या रेड्याचे, आणि चटका बसतो त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला.

आधी आजीच्या बाजूने बोलतो. तो जमेचा भाग मोठा आहे.

गाय, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा, ज्याला कोटीपोट म्हणतात, तो मोठ्या जनावरात शंभर लिटरच्याही वर असतो. त्याला पोट म्हणण्यापेक्षा आंबवणीचा रांजण म्हणावे. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि आपल्याला मुळीच न पचणारे काड, कडबा, गवत ते कुजवून-आंबवून जनावराच्या उपयोगी आणतात. हे करताना वायू होतो आणि ढेकरांवाटे तो बाहेर जातो. पण ओला कोवळा लसूणघास जनावराने अधाशासारखा खाल्ला, तर आत फेस होतो आणि वायू त्या फेसात अडकतो. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते, फुप्फुसांवर दाब येतो आणि काही तासांत जनावर दगावू शकते. अशा वेळी आजी गोडेतेल पाजायची. तेलाने फेस मोडतो आणि कोंडलेला वायू मोकळा होतो. हे आजीला रसायनशास्त्रातून कळलेले नव्हते. पण तिचे करणे शास्त्राला धरूनच होते. शिवाय पाजायचे कसे, हेही तिला ठाऊक होते. मान फार वर धरायची नाही, जीभ ओढायची नाही, ठसका लागला की लगेच थांबायचे. या तीन गोष्टी न पाळल्यामुळे औषध श्वासनलिकेत जाते आणि पोटफुगीतून वाचलेले जनावर फुप्फुसाच्या विकाराने जाते. म्हणजे उपायातला निम्मा गुण तेलाचा, तर निम्मा हाताचा!

याच म्हशीला भात मात्र सोसत नाही. आपल्याकडे भात म्हणजे हलका आहार. आजाऱ्याला पहिला देतात तो मऊ भात. पण लग्नघरी उरलेला पातेलेभर भात 'वाया कशाला घालवायचा' म्हणून गोठ्यात ओततात, तेव्हा त्या रांजणातली आंबवण भलत्याच वाटेला लागते. पिठूळ अन्न झपाट्याने आंबते, आम्ल साचते आणि जनावर मान टाकते. माणसाचा पथ्याचा घास म्हशीला घात ठरतो. जेवणावळीनंतर शेजारची म्हैस का बसली, याचा शोध पुष्कळदा उष्ट्याच्या पिंपात सापडतो.

आता मांजराकडे वळू. मांजर हे नावाप्रमाणे वाघाच्या मावशीचे पोट घेऊन आले आहे. त्याचे आतडे मांसासाठी बेतलेले. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळवावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडले, तर दृष्टी जाते आणि हृदय दुबळे होते. अ जीवनसत्त्व आपण गाजर-भोपळ्यातून तयार करू शकतो, मांजराला ते आयतेच, मांसातून लागते. पिलूपण सरल्यावर बहुतेक मांजरांची दूध पचवण्याची शक्ती उतरणीला लागते. 'मांजर डोळे मिटून दूध पिते' ही म्हण खरी. पण नंतर त्याला काय होते, हे म्हणीत सांगितलेले नाही.

लसूण आणि कांदा यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कुत्र्यालाही ती बाधतात, मांजराला अधिकच. शिजवल्याने, परतल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. मनीच्या पांढऱ्या हिरड्यांचे कारण हेच होते. लंघनाचेही तसेच. माणूस एकादशी करतो आणि दुसऱ्या दिवशी हलका होतो. मोठ्या, धडधाकट कुत्र्याला जुलाबात एखादी वेळ उपाशी ठेवले तरी ते निभावते. पण मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईनासे झाले, तर अंगातील चरबी यकृतात येऊन साचते आणि यकृतच बंद पडू लागते. गुबगुबीत मांजराला हा धोका अधिक. म्हणजे आम्ही मनीला एकामागून एक तीन 'हितकर' गोष्टी दिल्या : दूधभात, लसूण आणि उपास. तिन्ही प्रेमाने दिल्या.

कुत्र्याचे पोट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे काढल्याने त्याला पिठूळ अन्न पुष्कळ पचते. लांडग्यापेक्षा कुत्र्याची ही शक्ती आनुवंशिकच वाढलेली आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. म्हणून मऊ भात आणि उकडलेली कोंबडी हा कुत्र्याच्या बिघडलेल्या पोटावरचा उपाय डॉक्टरही सांगतात. मात्र त्याच कुत्र्याला प्रसादातले बेदाणे किंवा द्राक्षे कौतुकाने देऊ नयेत. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हा विषय डोक्यात शिरल्यावर मी ग्रंथालयात बसून पाळीव प्राण्यांविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्यात फेरेट नावाच्या एका प्राण्याची माहिती मिळाली आणि आमच्या घरात घडलेले ते साता समुद्रांपलीकडेही घडते, हे पाहून मौज वाटली. फेरेट दिसायला आपल्या मुंगसासारखा, लांबट अंगाचा. युरोपात सशांच्या बिळात सोडण्यासाठी तो दोन हजार वर्षांपूर्वीपासून पाळला गेला. आता इंग्लंड-अमेरिकेत तो घरात खेळवतात. याचे आतडे इतके आखूड की, खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. शाकाहारी प्राण्यांत चोथा कुजवण्यासाठी जी आंधळ्या आतड्याची पिशवी असते, ती याला मुळीच नाही. त्यामुळे धान्य, फळ, भाजी यांचे काही व्हायला त्याच्या पोटात ना जागा, ना वेळ! तरीही त्याचे पोट बिघडले की, तिथले हौशी मालक 'नैसर्गिक उपाय' म्हणून भोपळ्याचा गर, केळे, मध असे काय काय चारतात. चमचाभर भोपळ्याने एखादे वेळी बिघडत नाही. पण मूळ दुखणे राहते बाजूला. या प्राण्याला रबराचे तुकडे चावून गिळायची खोड आहे. तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो, आणि मालक मात्र बद्धकोष्ठ समजून भोपळा चारत बसतो. तिकडचे जाणकार काय सांगतात? आजारी फेरेटला उपाशी ठेवू नका, मांसाचीच पातळ पेज थोडी-थोडी द्या आणि डॉक्टरकडे न्या. आमच्या धारवाडच्या डॉक्टरांनी मनीसाठी तंतोतंत हेच सांगितले होते. प्राणी वेगळा, देश वेगळा; पण पोट एका जातीचे, म्हणून पथ्यही एका जातीचे.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे का? मुळीच नाही. आपल्याकडे घोड्यांचे शास्त्र शालिहोत्राच्या नावाने वेगळे झाले आणि हत्तींचा आयुर्वेद पालकाप्याच्या नावाने वेगळा. माणसाचे औषध दसपट करून हत्तीला पाजावे, असे त्या काळच्या जाणत्यांना वाटले असते, तर स्वतंत्र ग्रंथ रचण्याचे कष्ट त्यांनी घेतले नसते. आपण मात्र परंपरेचे नाव घेतो आणि परंपरेने पाळलेला भेद तेवढा विसरतो.

'नैसर्गिक' या शब्दाचीही आता एकदा झडती घ्यायला हवी. मनी बरी झाल्यावर मी एका दुकानातून तिच्यासाठी पाचक औषधाची बाटली आणली. बाटलीवर हिरवे पान छापलेले, खाली ठळक अक्षरांत 'पूर्ण नैसर्गिक'. घरी आल्यावर वाचू लागलो, तर आत काय आहे याचा पत्ता नाही, आणि कुत्रा, मांजर, पोपट या सर्वांना मात्रा एकच! माल विकणाऱ्याने गिऱ्हाईक ओळखावे, असे आम्हाला वर्गात शिकवतात. इथे गिऱ्हाईक मांजर नव्हतेच. गिऱ्हाईक मी होतो आणि ते हिरवे पान माझ्यासाठी छापले होते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे कुणी ठरवले? ज्वारीचे कोवळे पोंगे काय कमी नैसर्गिक असतात? पण पाऊस ओढ धरल्यावर तेच खाऊन जनावराला किराळ लागते आणि घटकाभरात ते आडवे होते. कांदाही मातीतूनच येतो. निसर्गाने कुठलीही वस्तू 'सर्वांना चालेल' असा शिक्का मारून पाठवलेली नाही.

यावर माझे काही विज्ञान शाखेतले मित्र म्हणतील, "मग सरळ सांग ना, की आजीबाईचा बटवा जाळून टाका." नाही, मित्रांनो. हे मी सांगणार नाही आणि कुणी सांगितले तर ऐकणारही नाही. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली, तेव्हा सलाईनच्या बाटल्या अपुऱ्या पडू लागल्या. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवले व ते रोग्यांना तोंडाने पाजायला नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण कितीतरी उतरले आणि मीठ-साखरेचे ते पाणी पुढे जगभर मान्यता पावले. स्वयंपाकघरातल्याच वाटतील अशा वस्तू त्या. पण त्यांना तराजू लाभला आणि वही लाभली. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गाईम्हशींसाठी घरगुती उपाय प्रसृत केले आहेत. कासेच्या दाहावरचा त्यातला लेप पाहा : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. कुठल्या जनावराला, किती आणि कसे, हे तिन्ही तिथे सांगितले आहे. अपचनावरच्या त्यांच्या कृतीत कांदा-लसूणही आहे. पण ती गाईम्हशींसाठी. आणि गाईलाही कांदा औषधापुरताच. बाजारात भाव पडला म्हणून कांद्याच्या टोपल्याच गव्हाणीत ओतल्या, तर तिचेही रक्त मोडते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. उपाय करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : पोट कुणाचे, प्रमाण किती, आणि थांबायचे केव्हा? यांतला तिसरा प्रश्न आपण बहुधा विचारतच नाही. शौचातून रक्त पडणे, वारंवार ओकारी, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसणे, पोट टणक होऊन फुगणे, मांजराने एक दिवसाहून अधिक काळ अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही दिसले की घरगुती उपायांचा अधिकार संपला. तिथून पुढे दवाखाना. जनावर नेता येत नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास पशुवैद्यकीय फिरते पथक मिळण्याची सोयही आता झाली आहे. आणि डॉक्टरांनी 'काय खाऊ घातलेत?' असे विचारले, तर न लाजता सगळे सांगावे. आजीने लसूण लपवली असती, तर डॉक्टरांना कारण सापडायला वेळ लागला असता आणि मनीपाशी तेवढा वेळ नव्हता. तिच्या उपायाने मांजर आजारी पडले, हे खरे. पण तिच्या खरे बोलण्याने ते वाचले, हेही तितकेच खरे. दवाखान्यात हसताना हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक लांबट चोपडी विकत आणली, दुकानातल्या रोजकीर्दीसारखी. रकाने आखले : दुखणे, जनावर, वस्तू, प्रमाण, पाजण्याची रीत, गुण आला की नाही. मग आजीसमोर जाऊन बसलो आणि म्हटले, "म्हैस फुगली की तेल किती घालायचीस ते सांग." आजी बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "कशाला रे आता? मी सांगितलेलं चुकतंय." मी म्हटले, "म्हशीचं कधी चुकलं नाही. मांजराचं चुकलं. म्हणून तर जनावराचा रकाना वेगळा आखलाय."

तिने चष्मा मागवला, रकाने नीट पाहिले आणि म्हणाली, "आधी म्हशीचं वय लिही. रेडकाला तेवढं तेल चालत नाही."

वयाचा रकाना मी आखलाच नव्हता. तो आता आखला आहे. आजवर त्या चोपडीत एकतीस नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या अठ्ठावीस म्हशीच्या, दोन शेळीच्या आणि एक मांजराची. मांजराच्या नोंदीत 'गुण' या रकान्यात आजीने स्वतःच्या हाताने 'नाही' असे लिहिले आहे. ही चोपडी घेऊन एकदा त्या डॉक्टरांकडे जायचे आणि एकेक नोंद तपासून घ्यायची, असे आमचे ठरले आहे. आजी बरोबर येणार आहे.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा